ओ

बाटली हलवली की पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं.
झाकणावर शिवलीलाच्या अक्षरात ‘कब्बिण’.
तिची लिपी मला वाचता येते,
माझी तिला शिकवतेय, ‘क्ष’पाशी अडलोय.

केसाच्या जाडीत यातले हजारो मावतील,
असं बाबांना सांगितलं तेव्हा म्हणाले,
मग ते लोखंड कसलं, नुसता वास की.

भरमाणा मुतगेकर. उद्यमबागेत चौतीस वर्षं
साच्यांची वाळू चाळली.
सांडलेले थेंब चुंबकानं वेचायचे:
“हाक मारायची. ओ देतंय ते लोखंड,
गप्प बसतंय ती वाळू.”

मी तेच करते,
तिसऱ्या गेटाजवळ, दुसऱ्या मजल्यावर, पडदे ओढून.
कोंबडीचं मांस सकाळी कसाई गल्लीतून.
पाव किलो म्हटलं की दुकानदार हसतो,
एवढ्यात कुणाचं भागतंय, मॅडम?
आम्हाला नखाएवढं पुरतं.

कण टोचून उजेड सोडला
तर पडद्यावर सगळं एकजात राखाडी,
मांस कुठलं, कण कुठले, ओळख पटत नाही.
मग वेटोळ्यात वीज सोडते, तोडते, सोडते,
आणि एके ठिकाणी मांस थरथरतं,
डोळ्याला नव्हे,
उजेडालाच कळेल इतकं.
तिथं संगणक हिरवा रंग भरतो.

परवा बाबा डबा घेऊन आले.
नको म्हटलं तरी चपला दाराबाहेर.
हिरव्याकडं बघत राहिले,
“ओ देतंय की गं!”
आणि खोकला सुरू झाला, टेबलाला धरून,
बराच वेळ.
मग छातीवर हात ठेवून,
“हितलं दिसतंय काय? चौतीस वर्षांचं साठलंय.”

शिवलीलानं उगाचच बटण बंद केलं.

मी खरं ते सांगितलं.
आमचा उजेड दोन मिलिमीटर जातो, बाबा.
त्यांनी चिमटीत तेवढं माप धरलं, बरोब्बर,
शर्टाच्या गुंडीला लावून पाहिलं.
“कातडं तरी वलांडतंय काय?”
जेमतेम.
“हं. डबा निवायच्या आत खा.”

जिन्यात खोकला खालीपर्यंत ऐकू आला.

त्या वेळची नोंद खराब निघाली.
वीज बंद, तरी सगळा तुकडा हिरवागार,
कडेपासून कडेपर्यंत.
टेबल हललं होतं, शिवलीला म्हणाली, पुसून टाकू.

वेगळी ठेवलीय ती.
नाव अजून दिलेलं नाही.