कारण : खेचराची लाथ

टाइप कर पोरी.
वर तारीख घाल, ठिकाण सातारा.
प्रति, अभिलेख अधिकारी. पत्ता मागच्या अर्जावरून उतरव,
हा सहावा आहे.

नाव ज्योतिराम सावळा फडतरे, तालुका खटाव.
हुद्दा ड्रायव्हर.
हसू नकोस, गाडी नव्हती.
खेचरांच्या कंपनीत माणसाला ड्रायव्हरच म्हणतात.
माझी गाडी चार पायांची,
पुढच्या खुरावर डागलेला नंबर ७१३.
नंबर सरकारचा.
शेवंती हे नाव मी ठेवलेलं.

विषय : नोंद दुरुस्त होऊन जखमेचं पदक मिळणेबाबत.
कागदावर आहे ते जसंच्या तसं घे.
डावी मांडी, जखम. कारण : खेचराची लाथ.
खाली सही. ती आजवर कुणाला लागली नाही.

त्या रात्रीचं थोडकंच लिही.
डिसेंबर एकाहत्तर, पूंछच्या वरली चौकी.
चढताना दारूगोळा, उतरताना माणसं,
आमचं काम एवढंच.
वाट अशी की पाठीवरची पेटी कड्याला घासायची.
शेजारी कुणी पत्र्याचं पिंप ओढत नेलं
की मी अजून अंथरुणात उठून बसतो.
हे नको लिहूस.

गोळा पडला तेव्हा ती माझ्या डाव्या अंगाला होती,
म्हणजे गोळ्याच्या अंगाला.
तिच्या पोटात राहिलं ते तिचं,
पार होऊन आलं ते माझ्या मांडीत.

पुढं तंबूत कारकुनानं विचारलं, कसं लागलं?
मी ग्लानीत, तिचंच नाव घेत होतो.
कोण शेवंती?
खेचर, म्हणालो म्हणे.
त्यानं लिहून टाकलं.
त्याला तरी काय बोल लावू,
माझ्यामागं तीसेक माणसं विव्हळत होती.

पुरावा म्हणून एक्स-रे जोड, सिव्हिलमधला.
दोन तुकडे दिसतात बघ, नखाएवढे.
डॉक्टर म्हणाले, लाथेत लोखंड असतं का हो?
तिसऱ्या अर्जाला उत्तर आलं होतं,
सदर तुकडे नालेचे असू शकतात.

साक्षीदार दोन.
मोहम्मद दीन, राजौरीचा. तो गेला. त्याच्या पोराचं पत्र आहे.
दुसरा दिनकर ढाणे. आहे, पण बायकोला ओळखत नाही.
गेल्या सोमवारी भेटायला गेलो,
बराच वेळ भिंतीकडं बघत होता, मग म्हणाला,
फडतऱ्या, खेचर बांधलंस का?
हे साक्षीत धरतात का, विचारून बघ कुणाला तरी.

हो, पदकाला फीत असते. सून काचेच्या कपाटात ठेवील.
गावात लाथ्या म्हणतात मला,
पन्नास वर्षं म्हणतायत. नातवालाही म्हणाले,
लाथ्याचा नातू. मिसरूड फुटलं तसा तो मारामाऱ्या करतो.
पण पदकाचं राहू दे बाजूला.
विनंती क्रमांक दोन, वेगळ्या ओळीवर घे.

खेचर क्रमांक ७१३ हिने
सदर जवानास लाथ मारलेली नाही.

याने? नाही, हिने.
व्याकरण तुझं बरोबर असेल, हिने ठेव.
पुढं लिही, त्या रात्री नाही,
आणि त्याआधीच्या अडीच वर्षांतही एकदाही

थांब.
एकदा मारली होती. अंबाल्याला.
खूर साफ करताना मी घाई केली, चूक माझीच.
ते खोड.
की राहू दे?
खरं ते नोंदवा म्हणून सहा अर्ज केले मी,
त्यात हेही आलंच की.

लिही मग.
एकदा मारली होती.
पण तो उजवा पाय.
कंसात घाल, उजवा.
सही कुठं करू?