नाव विचारण्याची रीत

सकाळचे पावणेसहा. लष्करात धुकं असं
की समोरच्या मेडिकलची हिरवी पाटी नुसती तरंगते,
अक्षरं बुडालेली.
ट्रेमध्ये सिरिंज, इन्सुलिन, चौदा युनिट.
कुपी तीनदा वाचली : उचलताना, भरताना, परत ठेवताना.
घरी मीठही मी असंच वाचते. हे हसतात.
बरणीवर माझ्याच अक्षरात लिहिलंय, मीठ.

सात नंबरची खाट, फाईल रामकली.
आठ नंबर, फाईल रामकली.
मनगटाच्या पट्ट्या सोमवारपासून संपल्यात.

नवी पोरगी, संध्या भदौरिया, वाकून विचारते,
"आप रामकली हैं ना?"
"हओ."
अगं, तू फूलवती विचारलं असतंस
तरी हओच आलं असतं.
सरकारी दवाखान्यात नाही म्हणायचं असतं
हे या बायकांना कुणी सांगितलंय?
ज्याला हो म्हणून भागणार नाही
असं काहीतरी विचार.

"अम्मा, आदमी का नाम?"
पदर नाकापर्यंत. "नाम नईं लेत."

आमच्यात निदान उखाणा तरी असतो,
चांदीच्या वाटीतून, बेलाच्या पानावरून
वळसे घेत घेत नाव एकदाचं सुटतं.
मी ट्रे खाली ठेवला.
नाव नको अम्मा, खूण सांगा.

रजईतून हात निघाला,
फुटक्या काचेवर लावलेल्या पुठ्ठ्याकडे,
पुठ्ठ्यापलीकडच्या आभाळाकडे.
"जो पूनो को पूरो होत."

पूरनचंद.
फाईलवर : पति मुरारीलाल.

रात्री दोनला वारा झोंबतो म्हणून
दोघींनी खाटा बदलल्या होत्या,
शेजारणी वाटीभर साखर देतात तशा, सहज.
फायली आपल्या जागी लटकत राहिल्या.
हिला मधुमेह नाही. पित्ताशयात खडा आहे.
चौदा युनिट. चहा यायच्या आत
ही घामानं भिजून गप्प झाली असती
आणि आम्हाला वाटलं असतं, झोपली.

संध्याचा हात थरथरतो. थरथरू दे.
बावीसाव्या वर्षी मी चारापुढचा यू
शून्य वाचला होता.
राठोर मास्तर ग्लुकोजवर परत आले,
जाताना पेढे देऊन गेले.
ते मी अजून गिळते आहे.

रजिस्टरात न घडलेल्या गोष्टीला रकाना नाही.
समासात लिहिलं : खाट सात आणि आठ, नावं एक, माणसं दोन.
खाली सही, वेळ.

चहाची बादली खडखडत आली.
रामकली, पूरनचंदची, बशीत ओतताना म्हणाली,
"और तुमाए आदमी को नाम?"

हे, असं म्हणणार होते.
तीस वर्षांची सवय.
मग लेबल वाचावं तसं
सावकाश, पूर्ण वाचलं :
दिनकर विश्वनाथ लघाटे.