अकरा पॉइंट आठ

नवा घे, गिर्त्स म्हणतो,
लिएपायात चाळीस युरोत मिळतो.
चाळीस युरो म्हणजे फाटक्या जाळ्याची दुरुस्ती,
किंवा स्टेशनच्या शेगडीला आठवडाभराची लाकडं.
मी काही बोलत नाही. पेचकस शोधतो.

संगणक गेला मागच्या हिवाळ्यात.
मदरबोर्ड गेला, बाकीचं शरीर शाबूत.
आता त्याच पेटीत चार हार्ड डिस्क बसवायच्या,
वटवाघळांचे आवाज ठेवायला:
अकरा ऑगस्ट, रात्रीमागून रात्र,
किनाऱ्याकिनाऱ्यानं दक्षिणेकडे गेलेली टिकटिक,
जी आपल्या कानांना मुळात ऐकूच येत नाही.

पॉवर सप्लाय मात्र पेटीच्या जन्मापासूनचा.
चिकटपट्टीवर लिहिलंय: हमी तीन वर्षं.
हमी संपली तेव्हा विल्निस होता अजून,
हे सगळं जोडणारा.
पत्र्याच्या आतल्या अंगाला त्याची पेन्सिल:
धूळ काढली, मे.
धूळ काढली, मे.
धूळ काढली, एप्रिल, बर्फ लवकर वितळला.
मग काही नाही.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी
फुटलेल्या कपॅसिटरचा वास घेतलेला नसतो,
शिळ्या मासळीसारखा, जरा गोडसर.
मी नाक जाळीला लावतो.
नुसती धूळ. आणि थोडी विल्निसची तंबाखू,
की मलाच तसं वाटतं.

डबा उघडायचा नाही. प्लग काढला तरी
आत वीज दबा धरून बसलेली असते.
पंख्याला काडीनं अडवून
बाहेरूनच फिरवतो दाढीचा ब्रश.
मग कागदाची क्लिप वाकवून
हिरव्या तारेचं टोक काळीला जोडतो.
मदरबोर्ड नाहीये, पण त्याला भासवायचं की आहे.
पंखा कुरकुरला, थांबला,
मी श्वास धरला,
आणि फिरला.

बारा पॉइंट एक, म्हणतो मल्टिमीटर.
एक डिस्क लावली, अजून ठीक.
चारी एकदम उठवल्या तर आकडा
घसरतो अकरा पॉइंट तीनवर,
आणि गिर्त्सच्या भुवया चाळीस युरोंनी वर जातात.

मग ठरवलं, एकदम उठवायचंच नाही.
पहिली. सात सेकंद. दुसरी.
सकाळी स्टेशनातली माणसं किटलीपाशी येतात तशा,
एकेक, कुणी कुणाशी न बोलता.
आकडा अकरा पॉइंट आठवर टेकला,
तिथंच राहिला तासभर.
माझ्या गुडघ्याबद्दल डॉक्टरीणबाई
याहून वाईट बोलल्या होत्या.

रात्री नकला चालू. बाहेर पाईनमध्ये वारा,
आत तोच पंखा, जरा घोगरा.
मी टॉर्च तोंडात धरून पत्र्यावर लिहिलं:
धूळ काढली. महिना लिहिला.
विल्निसच्या अक्षराइतकं सरळ आलं नाही.

सकाळी सगळ्याची दुसरी प्रत काढायला घेतली.
ती गिर्त्सच्या आईकडे जाईल, तळघरात,
बटाट्यांच्या वरच्या फळीवर.
तुझा विश्वास नाही का त्याच्यावर, गिर्त्स विचारतो.
आहे की.
म्हणून काय झालं?