पाच ट्रे

बहरीनमधल्या आली गावात कुंभारांच्या भट्ट्या संपल्या
की टेकाडं सुरू होतात.
प्रत्येकात एक जण, गुडघे पोटाशी घेऊन,
चार हजार वर्षं.

मी दर मंगळवारी तिथल्या शेडमध्ये जाते.
मिरजेत अकरा वर्षं शरीररचना शिकवली,
इथे व्हिसावर शिक्का: गृहिणी.
बतूल म्हणाली, मी हात बघते, शिक्के नाही.

पहिला ट्रे लांब हाडांचा. मांडी, दंड, नडगी.
लांबी नव्हे, घडण बघायची, पोरांना बजावायचे मी,
बोटाचं पेरसुद्धा याच वर्गात.
आखूड म्हणजे मनगटातले खडे.
चपटी: बरगड्या, छातीची पट्टी, कवटीचं छप्पर.
मग वेडीवाकडी. मणके, आणि माकडहाड,
ज्याचा अर्थ ऐकून बतूल इतकी हसली
की ब्रश खाली ठेवावा लागला.

पाचवा ट्रे तिळांचा.
तीळहाड. तिच्या भाषेतही सिमसिमच.
त्यात गुडघ्याची वाटी ठेवली की ती कुरकुरते,
एवढा मोठा तीळ?
आमच्यात एक तीळ सात जणांना पुरतो, मी म्हणते.

कवटी वेगळी मोजायची.
मेंदूभोवती आठ, चेहऱ्याची चौदा.
त्यातलं आसवांचं हाड नखाएवढं, कागदासारखं,
मला इथे एकदाही सापडलेलं नाही.
रकान्यात लिहिते: अनुपस्थित.

मार्चमध्ये अण्णा गेले.
माझा पासपोर्ट नूतनीकरणात अडकलेला.
तिसऱ्या दिवशी भावाने फोन धरला राखेवर.
सावडताना कुणी वर्ग पाडत नाही,
लांब, आखूड, चपटी, सगळं एका मडक्यात.
मी एवढंच बोलले:
"खुब्याचा गोळा राहिला बघ, डावीकडे."
त्याने वाकून उचलला.

काल मातीतून एक नाल निघाली, बोटभर.
गळ्यातलं हाड.
दुसऱ्या कुठल्याच हाडाला न टेकणारं,
जिभेच्या मुळाशी नुसतं स्नायूंवर तोललेलं.
हे कशात, बतूलने विचारलं.
पुस्तकाप्रमाणे वेडीवाकडी.
आणि तुमच्याकडे याला म्हणतात काय?

अकरा वर्षं फळ्यावर लिहिलेला शब्द
आठवेना.
थांब, म्हटलं. बोटं गळ्यावर ठेवली,
आवंढा गिळला.

माझं हललं.