बस चारशे बारा

साडेदहानंतर बसा आत येऊ लागतात,
भांडून घरी परतल्यासारख्या, दारं आपटत.
इंजिनं बंद होतात, पत्रा मात्र तापलेलाच,
मे महिन्याचं ऊन बाराला सुद्धा उतरत नाही त्यांच्या पाठीवरून.

कंपनी पुण्याची, फेस जर्मनीचा,
पाणी गोरेवाड्याचं,
हात टिमकीचे.
करार भिंतीवर टांगलाय, लॅमिनेशन करून.
मी नववी शिकलेली. सगळा वाचला.
कलम चार : सीट, सीटची पाठ, सीटखालची जागा.
कलम सात : काचा, आतून आणि बाहेरून.
कलम अकरा : डाग निघेपर्यंत.
डाग निघायला किती वेळ, ते नाही लिहिलं.
एका बसला बावीस मिनिटं, हे लिहिलंय.

आज चारशे बारातून काय निघालं :
संत्र्याची सालं, फटीत नीट घडी करून खोचलेली,
कोणी मागाहून येऊन घेऊन जाणार असल्यासारखी.
हिंगणा-बर्डी, बर्डी-हिंगणा, तिकिटांचा चिखल.
लहान पोराची डाव्या पायाची चप्पल.
आणि एका पोरीचं हॉल तिकीट. फोटोत ती हसत नाही.
दुर्योधनला म्हटलं, ऑफिसात दे, फोन कर तिच्या शाळेत.
"काऊन पळवता बाई मले? परीक्षा होऊन गेली असंन."
तारीख उद्याची होती.
पळाला लेकाचा, पाय ओले होते तरी.

फरशीवरून वायपर फिरवते तेव्हा
हात आपोआप धोट्यासारखा जातो,
इकडून तिकडे, तिकडून इकडे.
बाप मागावर बसायचा. मी कांड्या भरायची.
माग भंगारात गेला, हाताला कोणी सांगितलंच नाही.

मग डावीकडची तिसरी खिडकी.
खाली पत्र्यावर ओघळ, लाल, वाळून काळा होत आलेला,
आणि सीटखाली खर्र्याची पन्नी.
पन्नी मला रोज पंधरावीस सापडतात, बघतही नाही.
ही बघितली.
दोनदा पीळ, मग टोक आत खोचलेलं.
आमच्याकडे तुटलेलं सूत असं जोडतात.
एमआयडीसीत जाणाऱ्या किती माणसांनी
लहानपणी सूत जोडलं असेल?
पुष्कळांनी.
मी स्वतःला म्हटलं, पुष्कळांनी जोडलं असेल.
आणि घासायला बसले.

"पराते, बावीस झाले," ढोके सायबांची बॅटरी आली.
सव्वीस झाले. एकतीस झाले.
त्यांनी उजेड त्या जागेवर धरला,
मग माझ्या तोंडावर,
मग परत त्या जागेवर, आणि धरूनच ठेवला.
फॉर्मवर त्यांनी बावीसच लिहिलं.

सहा दहाची पहिली फेरी, त्याच बसनं मी घरी.
सीटला अजून लिंबाचा वास, काचेतून डेपोचं कडुनिंब स्वच्छ.
पुढे एक बाई चढल्या, धुतलेलं पातळ, हातात फुलांची पुडी.
रुमाल काढला, सीट झटकली, दोनदा झटकली, मग बसल्या.
रुमालाकडे पाहिलं.
उलटा करून पाहिला.
घडी घालून पिशवीत ठेवला.
माझ्याकडे नाही पाहिलं. काऊन पाहतील?
मला मात्र बर्डीपर्यंत झोप आली नाही.

घरी हा अंघोळ करून तयार. डबा भरलेला, आठची बस.
मी चपला काढत म्हटलं,
"तिसऱ्या खिडकीपाशी बसत नका जाऊ."
"काऊन?"
"तिथं माह्या खांदा दुखते."

तो काही बोलला नाही.
दारात थांबला, शर्टाचा खिसा चाचपला,
पाकीट आहे का बघतात, तसा.
पाकीट तर मागच्या खिशात असतं त्याचं.