बाळी

आमच्या मणेराजुरीत द्राक्षाला बाळी सुटते.
छाटणीनंतर पंधराएक दिवसांत पोंग्यात घड दिसतो,
हिरवा, तांदळाएवढा,
आणि आभाळ धरून राहिलं, वेल नुसतीच माजली
की तो घड जिरतो.
त्याच जागी निघतो एक वाकडा तंतू, कानातल्यासारखा.
त्याला बाळी म्हणतात.
बाळी तारेला गच्च धरून बसते.
बाकी काही करत नाही.

लग्न होऊन आले तेव्हा हे शब्द मला नवे होते.
माझं माहेर उसातलं.
उसाला कोणी विचारत नाही, फळ कधी म्हणून.

आज एकोणसाठावा दिवस.
आपल्यात म्हणतात, तिला दिवस गेलेत.
मलाही गेलेत की,
एकोणसाठ.
नुसते गेलेत, कुणाला न सांगता.

पहिल्यांदा चुकली तेव्हा आक्कांनी
परड्यातली पपई झाडासकट शेजारी दाखवून टाकली,
"न्या बाई, आमच्यात आता नको."
तासगावचा मेडिकलवाला ओळखीचा,
म्हणून मी कवठ्यात उतरून किट आणलं.
पहाटे एक रेघ.
दुसरी दिसते का म्हणून दाराशी, खिडकीशी,
मग मोबाईलच्या बॅटरीत
तिरकं धरून बघितलं.
एका रेघेकडं इतका वेळ
मी शाळेत भूमितीच्या तासालाही बघितलं नव्हतं.

मग मिरज.
पोटावर गार जेल, आणि डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन आमच्याकडं वळवला.
"बघा, एका बाजूलाच चौदा आहेत. पिकत एकही नाही."
काळे काळे मणी, कडेनं दाटीवाटीनं बसलेले.
सन्मती किती वेळ बघत राहिला.
बागेतला माणूस, बोलून गेला,
"मॅडम, विरळणी करता येत नाही का?"
त्या हसल्या. मीही हसले.
येताना एसटीत आम्ही दोघं दोन खिडक्यांना.

वजन कमी करा. भात कमी करा. टेन्शन घेऊ नका.
मानेवरचा काळा पट्टा आक्का डाळीच्या पिठानं घासतात,
त्यांना वाटतं मळ आहे.
हनुवटीवरचे तीन केस मी चिमट्यानं काढते,
कडी लावून,
चोरी केल्यासारखी.

कॅलेंडरवर सिलिंडर, दूध, औषधफवारणी, आणि
पेन्सिलीनं बारीक फुल्या.
ऑक्टोबरात तो ब्लोअर ओढून रात्री दहाला आला,
अंगाला गंधकाचा वास.
मी म्हटलं, आज तारीख आहे.
तो उंबऱ्यातच थांबला.
"आंघोळ करून येतो," म्हणाला,
जसा ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवायला जातो म्हणावा.
अंधारात आम्ही एकमेकांना सॉरी म्हटलं.
कशाबद्दल ते दोघांनीही विचारलं नाही.

सगळ्यात अवघड बस्तीत.
पाळीत बाहेर थांबायचं, हा नियम.
मी तर रोज आत.
दोन महिने रोज आत, हातात अक्षता.
बायका बोलत नाहीत, मोजतात.
परवा पद्मश्रीकाकूंनी माझ्या पोटाकडं बघून
नारळ माझ्याच हातात दिला.
मी घेतला. काय सांगणार?
की इतकी शुद्ध मला राहायचं नाहीये?

आज बेदाणा निवडताना,
देठ एकीकडं, मणी एकीकडं,
झुलेखा म्हणाली, "ऊठ गं, मागं बघ."

एकाहत्तरावा.

फाटक्या नेटच्या ढिगावर बसून मी रडले,
आणि हसू पण येत होतं, येड्यासारखं.
बाळ नाही, हे तर झालंच.
पण आतून कोणीतरी
इतक्या दिवसांनी ओ दिली होती.

सन्मतीला फोन लावला.
ट्रॅक्टरच्या आवाजात तो ओरडला, "काय?"
"आली," म्हटलं.
"कोण आलीय?"
मग त्यानं ट्रॅक्टर बंद केला.
बराच वेळ फोनमध्ये नुसती बाग ऐकू येत होती.
"मग उद्यापासून गोळी ना," म्हणाला,
"दुसऱ्या दिवसापासून."

हो.
संध्याकाळी मी बस्तीच्या बाहेर, पायरीवर,
सगळ्यांना दिसेल अशी बसले.