मोजणी

सहाच्या सुमारास खणीवर कोणी नसतं.
म्हशी धुऊन पोरं गेलेली,
काठावर साबणाचा निळा तुकडा विसरलेला.
जोतिबाच्या डोंगरामागे सूर्य अर्धा शिल्लक.
तेवढा पुरेल, रेवण म्हणतो,
खाली गेल्यावर तसाही तो आपला नसतो.

त्याने माझ्या पाठीवरचा व्हॉल्व्ह फिरवून बघितला,
मी त्याचा.
पट्टे, वजनं, टॉर्च, दुसरी टॉर्च.
शिरोलीच्या फाउंड्रीतून तो थेट आलाय,
कानामागे काळी रेती तशीच.
"एकशे नव्वद बार," मी वाचते.
"बक्कळ," म्हणतो, आणि पाठमोरा पाण्यात पडतो
शेंगांचं पोतं गाडीतून ढकलावं तसा.

मालवणात शिकलो तेव्हा पाणी निळं होतं.
इथे हात लांब केला की बोटं हिरवी,
आणखी लांब केला की नाहीतच.
चार मीटरवर एक चिलापी
माझ्या काचेला तोंड लावून, काही न पटून, निघून गेली.
नऊ मीटरवर पाणी एकाएकी गार,
एका रेघेखाली,
वरच्या दिवसाची बेरीज करून कोणी वही मिटावी तसं.

मग दगड.
पायऱ्या नव्हेत, पण पायऱ्यांसारखे कापलेले टप्पे.
इथला काळा दगड निघाला, रस्ते झाला,
पुलाचे खांब झाला, कुणाकुणाची जोती झाला.
राहिलं ते हे,
नसलेल्या दगडाच्या आकाराचं पाणी.

रेवणचा आज्जा इथे पहार मारायचा.
भोकामागे मजुरी.
शेवटच्या दिवशी तेरा पाडली, तो सांगायचा,
मुकादमाने अकरा लिहिली.
रात्रीत झरा फुटला, खण भरत गेली,
सुरुंग भरायचा राहिला तो राहिलाच.
त्या दोन भोकांचे पैसे
चाळीस वर्षं त्याच्या ताटाशेजारी जेवायला बसायचे.

सतरा मीटर. शेवटचा टप्पा.
रेवण आडवा झाला, हातमोजा काढला,
गाळात तर्जनी फिरवत राहिला,
आणि एका जागी ती पेरापर्यंत आत गेली.
त्याने माझ्याकडे बघितलं.
पाण्याखाली डोळे मोठेच दिसतात, पण तरी.

दुसरं. तिसरं.
वीतभर अंतराने, कडेला समांतर,
माणसाच्या हाताने पाडलेली, म्हणून जराशी वाकडी.
सातव्यापाशी त्याचा फिन गाळाला लागला
आणि सगळंच गेलं.
माझी टॉर्च माझ्याच मनगटापर्यंत.

नियम सोपा आहे: जोडीदार दिसेनासा झाला
की एक मिनिट शोधायचं, मग वर यायचं.
मी कडेला हात धरून सरकले,
बोटांनीच मोजत, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.
आठ. नऊ. स्वतःचा श्वास केवढा आवाज करतो.
दहा. अकरा.
बारा.
पुढे हाताला चिखल, मग त्याचा खांदा.

त्याने प्रकाशाचा गोल काढला: ठीक आहे.
पाटीवर पेन्सिलने काहीतरी लिहिलं, छातीशी धरलं,
मग अंगठा वर केला.
जमिनीवर याचा अर्थ झकास,
इथे एवढाच: चल, वर जाऊ.

पाच मीटरवर तीन मिनिटं थांबणं.
दोघांनी एकच दोर धरलेला.
वरचा उजेड कधीच संपलाय,
आमचे बुडबुडे तेवढे वर चाललेत,
आम्हाला सोडून, घाईने.

डोकं बाहेर काढलं, तोंडातलं काढलं,
आणि पहिला श्वास गुऱ्हाळाचा,
काहिलीत उतू चाललेला रस कुठेतरी, लांब.
हायवेवर ट्रक.
रेवण काठावर बसून धापा टाकत होता की हसत होता, कळेना.
पाटीवर तेरा लिहिलेलं होतं,
तीनचा पोट फुगलेला, शाळकरी.

"नसीम, तुझी किती भरली?"

मी सिलिंडरचा पट्टा सोडवत होते.
ओला पट्टा सुटायला वेळ लागतो.
"चिखल लई हुता रे," मी म्हणाले.

त्याने मान हलवली.
पाटी शर्टात गुंडाळली, पुसली नाही,
आणि डिकीत टॉवेलच्याही वर ठेवली.